उलट्या पावलांनी

“आबा, कडी काढा ना!” जखऱ्याने न्हाणीघराच्या दारावर तिसऱ्यांदा थाप मारली. आतून नुसता नळाचा आवाज येत होता.

“पडलोय,” शेवटी आबा म्हणाले. “ओरडू नकोस. अख्खी आळी गोळा होईल.”

शुक्रवारची दुपार कलली होती. शब्बाथ, म्हणजे शनिवारचा विसावा, सुरू होण्याचा भोंगा व्हायला अर्धा तास उरला होता. आबांची देखभाल करणारी मेरीसेल बाराला सुट्टीवर गेली, आणि म्हातारबुवांनी शब्बाथची आंघोळ एकट्याने उरकायचं ठरवलं. हट्टात ते कुणाला हार जाणारे नव्हते.

जखऱ्या वॉशिंग मशीन दुरुस्त करायचा. त्याने स्क्रूड्रायव्हर आणला, बिजागऱ्या खोलल्या, दार उतरवून भिंतीला टेकवलं. पण डोळे मिटून तो उंबऱ्यातच थबकला.

चौपन्न वर्षांत त्याने बापाला उघड्या अंगाने पाहिलं नव्हतं. जेरुसलेमच्या त्या आळीत बापलेक एकत्र आंघोळच करत नसत. त्यात आबा, म्हणजे आळीचे धर्मगुरू हाखाम नहूम, चाळीस वर्षं सिनेगॉगमध्ये पोरांना शास्त्र शिकवायचे. दरवर्षी नोहाचा पाठ आला की त्यांचं बोट वर जायचं. नोहा द्राक्षारस पिऊन तंबूत नागडा पडला. त्याच्या मुलाने, हामने पाहिलं. बाकीचे दोघे भाऊ कापड घेऊन उलट्या पावलांनी आत गेले आणि न बघता बापाला झाकलं. “आणि नोहाचा शाप कुणाला लागला?” आबा गरजायचे. पोरं कापऱ्या आवाजात म्हणायची, “कनानला!” कनान हामचा मुलगा. पाहिलं बापाने, भोगलं पोराने.

जखऱ्याचा मुलगा ओरेन सैन्यात, उत्तरेच्या सीमेवर होता. दोन दिवस त्याचा फोन नव्हता. आणि सिनेगॉगमधला उद्याचा पाठ नेमका नोहाचाच.

जखऱ्याने कपाटातली चादर घेतली, पाठ फिरवली आणि उलटा चालू लागला. फरशी साबणाने निसरडी झाली होती. टाच कशावर तरी पडली.

“मेलो! हात तुडवलास, गाढवा!”

“चुकलं, आबा!”

“उलटा काय येतोयस?”

“तुम्हीच शिकवलंत. मी पाहिलं तर... ओरेन तिकडे आहे, आबा.”

“हाम पाहून थांबला का?” आबांनी विचारलं. “पुढचं म्हण.”

“बाहेर जाऊन त्याने दोघा भावांना सांगितलं.”

“मग? दोष डोळ्यांचा नाही रे, जिभेचा. आता वळ. गारठलोय मी.”

“हे तेव्हा का नाही सांगितलंत? चाळीस वर्षं पोरांना घाबरवलंत!”

“तेव्हा मला कुणी उचलावं लागत नव्हतं.”

हा शास्त्राचा खरा अर्थ, की पडलेल्या माणसाची सोय, जखऱ्याला कळेना. भीती तसूभरही कमी झाली नव्हती. तरी तो वळला.

केवढेसे झाले होते आबा! बरगड्या वर आलेल्या, अंग गारठलेलं. अख्खी आळी ज्या बोटाला भ्यायची, ते साबणाच्या वडीला घट्ट धरून होतं. यांना आपण इतका वेळ असं पडू दिलं, याची जखऱ्याला लाज वाटली. त्याने नळ बंद केला, बापाला चादरीत गुंडाळून स्टुलावर बसवलं, अंग पुसलं, हाडं चाचपली. सगळं शाबूत होतं.

तेवढ्यात बाहेरचं दार वाजलं. खालच्या मजल्यावरचा मर्दखाय होता. “काय रे, धपकन आवाज आला! हाखाम पडले की काय? कुठे लागलं?”

जखऱ्याने दार फटीएवढंच उघडलं. “पाइप तुंबला होता. न्हाणीचं दार काढावं लागलं.”

“आणि ते?”

“कपडे करतायत.”

मर्दखाय मान उंचावत, नाइलाजाने जिना उतरला. भोंगा झाला. आता उद्या रात्रीपर्यंत स्क्रू पिळायचा नव्हता, फोनलाही हात लावायचा नव्हता. जखऱ्याने मुठीतले स्क्रू फळीवर ठेवले. दार नसलेल्या चौकटीत खुर्ची ठेवली आणि आबांकडे पाठ करून तो बसला. समोर टेबलावर फोन पडला होता. जखऱ्याची नजर त्यावरून हलत नव्हती.

मागे म्हातारा कितीतरी वेळ सदऱ्याशी झटत होता.

“वरचं बटण लागत नाही रे.”

“वळू का?” जखऱ्याने विचारलं.

“वळ,” आबा म्हणाले.