बंदरावरचा देवमासा

अमेरिकेतल्या मेन राज्याच्या किनाऱ्यावरच्या त्या छोट्या बंदरात मर्ल बील हा सगळ्यांत जुना शेवंडवाला, पिंजरे टाकून लॉबस्टर पकडणारा, आणि आवाजही त्याचाच सगळ्यांत मोठा. गावातल्या शिल्पकार रोझलिनने किनाऱ्यावर वाहून आलेले दोर, फुटके पिंजरे आणि प्लास्टिक गोळा करून धक्क्यावर घराएवढा देवमासा उभा केला, तेव्हा गावसभेत मर्लने टेबलावर हात आपटला.

"उन्हाळी पाहुण्यांनी टाकलेला कचरा आमच्या दारात का? बायको म्हणते, खिडकी उघडली की उकिरडा दिसतो."

"तुझी बायको तर त्याच्यासोबत फोटो काढून गेली, मर्ल," टपाल कचेरीतली आयडा म्हणाली.

लोक हसले. तरी मासा हटवायचा का यावर हात मर्लच्या बाजूनेच वर गेले. त्याच्याशी वाकडं कोण घेणार?

क्रेनचा ट्रक त्याचाच, म्हणून उतरवायचं कामही त्याच्याकडे आलं. रोझलिन बाजूला उभी होती. मर्लने माशाचं पोट कापलं आणि आतून बोये, बुडवलेल्या पिंजऱ्यांची खूण म्हणून पाण्यावर सोडतात ते तरंगते गोळे, घरंगळत आले. नारिंगी, त्यावर दोन हिरवे पट्टे. इथे प्रत्येकाच्या पिंजऱ्यांच्या बोयांचे रंग ठरलेले असतात. हे त्याचे होते. गेल्या हिवाळ्यात कचरा डेपोपर्यंत जायचा कंटाळा करून त्याने जुना माल समुद्रातच लोटून दिला होता.

धक्क्यावर निम्मं गाव जमलेलं. आयडाने नजर दुसरीकडे वळवली. ती काही टोचून बोलली असती तर बरं झालं असतं, असं त्याला वाटलं.

"तुला माहीत होतं?" त्याने रोझलिनला हळूच विचारलं.

"हो. म्हणून तर आत ठेवले."

"मग सभेत बोलली का नाहीस?"

"तुमचं नाव घेऊन मासा वाचवायचा नव्हता मला."

हातातली सुरी कुठे ठेवावी ते मर्लला सुचेना.

"परत उभा करू. मी करतो सगळं."

"नको. पलीकडच्या गावाने मागितलाय."

तुकडे त्यानेच ट्रकवर चढवले, तिकडे नेऊन उतरवले. जोडायला मात्र तिने त्याला हात लावू दिला नाही. टोपी काढून तो नुसता उभा राहिला. बघायला आलेल्या एका म्हाताऱ्याने विचारलं, "एवढी घाण समुद्रात टाकतं तरी कोण हो?"

"यातली बरीचशी मी टाकली," मर्ल जमिनीकडे बघत म्हणाला.

म्हाताऱ्याने त्याच्याकडे पाहिलं आणि तो दोन पावलं दूर सरकला.