चौथं पिल्लू

"रेखा, तुझा बार्न लंगडायला लागलाय," शेजारचा वॉल्ट म्हणाला आणि त्याने हातातली काठी शेळ्यांच्या त्या लाकडी गोठ्याच्या कोपऱ्यातल्या खांबाच्या बुडाशी टेकवली. काठी टेकलीच नाही. अर्धीअधिक सरळ आत गेली.

रेखा गुडघ्यांवर बसून वाकून बघू लागली. खांबाखालच्या दगडाला लागून बादली सहज मावेल एवढं बीळ होतं आणि बाहेर ताज्या मातीचा ढीग. खांब चांगला दोन इंच खचला होता. वरचा माळा सध्या रिकामा होता, पण दोन आठवड्यांनी, जुलैच्या तिसऱ्या शनिवारी, वॉल्ट तिच्या नऊ शेळ्यांसाठी हिवाळ्याचं गवत आणून टाकणार होता. चारशे गठ्ठे. तेवढं वजन या खांबावर आलं असतं, तर माळा शेळ्यांच्या अंगावरच उतरला असता.

"ग्राउंडहॉग," वॉल्ट म्हणाला. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा हा माणूस याच गावात जन्मलेला. "मादी असणार. आत पिल्लंही असतील. इतक्यात बीळ बुजवू नकोस. पिल्लं बाहेर हिंडायला लागली की मग."

तेहतीस वर्षं अमेरिकेतल्या पिस्कॅटवे गावाजवळच्या एका हॉस्पिटलात पेशंटना भूल दिल्यावर रेखाने निवृत्ती घेतली होती आणि त्याच राज्याच्या पश्चिमेला, टेकड्यांच्या बाजूला, ही आठ एकर जमीन घेतली होती. ग्राउंडहॉग, म्हणजे मांजराएवढा, बिळं खणून राहणारा तो गुबगुबीत प्राणी, तिने रस्त्याकडेला गाडीतून पाहिला होता तेवढाच. तिच्या नवऱ्याचं, सुमंतचं, मात्र त्या प्राण्याशी आधीपासूनच वैर होतं.

"आपल्याकडची घूस परवडली," तो म्हणाला. "ती निदान लपूनछपून तरी येते. ही बया भरदिवसा माझ्या भोपळ्याची पानं खाते आणि मी ओरडलो की दोन पायांवर उभी राहून माझ्याकडे बघते!"

पकडून दुसरीकडे सोडून द्यावं, असं रेखाच्या मनात आलं होतं. पण त्याला परवानगी लागते, आणि सोडलं तरी ते दुसऱ्या कुणाच्या बार्नखाली जाणार, असं वॉल्टने सांगितलं. त्यापेक्षा त्यांचं त्यांनाच बाहेर पडू द्यायचं आणि परत आत येता येणार नाही अशी व्यवस्था करायची.

दुसऱ्या दिवसापासून रेखा स्वयंपाकघराच्या खिडकीत दुर्बीण घेऊन बसू लागली. तीन दिवसांत तिला तीन बिळं सापडली. एक खांबापाशी, एक मागच्या झुडपात, एक बार्नच्या आत फळ्यांखाली. कुठलं वापरात आहे ते कळावं म्हणून तिने प्रत्येकात वर्तमानपत्राचे बोळे कोंबले आणि तोंडाशी तांदळाचं पीठ भुरभुरवलं. सकाळी पाहते तर खांबापाशी आणि झुडपात बोळे बाहेर फेकलेले, आणि पिठावर पावलं! लहान मुलाच्या हाताच्या ठशांसारखी, चार बोटांची.

तिने तिथूनच सावनीला फोन लावला. सावनी तिच्या बहिणीची मुलगी, पिस्कॅटवेला एका सॉफ्टवेअर कंपनीत कामाला.

"मोठी पावलं आहेत आणि छोटीही आहेत! सावनी, पिल्लं आहेत!"

"मावशी, मी मीटिंगमध्ये आहे यार," सावनी कुजबुजली. मग क्षणभर थांबून, "किती?"

चार होती. आठवडाभरात रेखा त्यांना ओळखू लागली. तिघं धीट, आईच्या मागोमाग क्लोव्हरचा पाला खात लांबवर जाणारी. चौथं किरकोळ, बिळाच्या तोंडाशीच घुटमळणारं. दुसऱ्या आठवड्यात आई त्यांना पार कुंपणाजवळच्या जुन्या बिळापर्यंत नेऊ लागली, तेव्हा वॉल्ट म्हणाला, आता वेळ झाली.

बुधवारी सुमंतने बार्नच्या आतलं बीळ फळ्या ठोकून बंद केलं आणि बाहेरच्या दोन्ही बिळांवर जाळीची दारं बसवली. दार आतून ढकललं की उघडायचं, बाहेरून मात्र घट्ट बसायचं. गुरुवारी सकाळी सात वाजता खांबापाशी जाळी हलली. रेखाने हातातला कप तसाच ओट्यावर ठेवला. आधी नाक, मग डोकं, आणि मग ती गुबगुबीत तपकिरी आई धप्पकन बाहेर! दार मागे बंद झालं. तिने वळून त्याला हुंगलं, नखांनी दोनदा ओरबाडलं. पाठोपाठ एक पिल्लू बाहेर आलं. संध्याकाळपर्यंत दुसरं आलं. शुक्रवारी तिसरं. आई आणि ही तिन्ही पिल्लं कुंपणाकडे गेली ती गेलीच.

चौथं पिल्लू आलं नाही.

शनिवारी सकाळी सावनी आली ती एक नवीच वस्तू घेऊन. लांब वायरच्या टोकाला दिवा आणि कॅमेरा, चित्र फोनवर दिसणार. नळ तुंबला की प्लंबर वापरतात ती. तोवर पश्चिमेकडे ढग काळे व्हायला लागले होते. वॉल्टचा फोन आला की दुपारी पावसाचा अंदाज आहे, तो लवकर निघतोय, गवत भिजून चालणार नाही. खांबाला दोन जॅकचा आधार देऊन तो पुन्हा वर उचलला होता. खडी ढिगाने तयार होती. फक्त पोकळी भरायची राहिली होती.

"भरू या," सुमंत म्हणाला. "ते गेलं असेल गं. तू पाणी प्यायला उठलीस तेव्हा गेलं असेल."

"मी उठलेच नाही."

"रेखा, वॉल्ट वाटेत आहे!"

"सुमंत, ऑपरेशननंतर रक्त टिपायचा एक स्पंज मोजणीत कमी भरला तर पोट शिवतात का? कितीही घाई असली तरी?"

सुमंतने उचललेलं फावडं खाली ठेवलं.

सावनीने वायर आत सोडायला सुरुवात केली. फोनवर माती, मुळं, एक वळण, पुन्हा माती. तिघांची डोकी त्या चिमुकल्या चित्रावर. "राइटला जातंय... थांब, थांब, इथे मोठं झालंय!" सावनी ओरडली. वाळलेल्या गवताची मऊ गादी दिसली, मधे खळगा पडलेली. रेखाने श्वास रोखला. सावनीने कॅमेरा गोल फिरवला. कुणी नव्हतं. तिने तो आणखी पुढे, मागच्या झुडपाच्या दिशेने नेला. सगळं बीळ रिकामं.

"झालं तर मग!" सुमंत म्हणाला.

"मग ते आहे कुठे?" रेखा म्हणाली.

तेवढ्यात ट्रेलरची घरघर ऐकू आली. वॉल्ट गठ्ठ्यांचा डोंगर ओढत फाटकातून आत शिरत होता आणि लांबून हात करून सांगत होता, दार मोकळं करा, ट्रेलर सरळ आतच घेतो. बार्नच्या मधोमध सुमंतचा जुना ट्रॅक्टर उभा होता. तो धावत जाऊन वर चढला आणि खिशातून किल्ली काढली.

आणि रेखाने शिट्टी ऐकली. एकच, तीक्ष्ण, भ्यायलेली. आईने धोका पाहिला की मारते तशीच, फक्त बारीक.

"सुमंत! किल्ली फिरवू नकोस! हात काढ तिथून!"

ऑपरेशन थिएटरमध्ये वापरायची तो आवाज तिने कित्येक वर्षांत काढला नव्हता. सुमंतने हात असा काढला की किल्ली उडून गवतात पडली. रेखाने चामड्याचे हातमोजे चढवले आणि बॉनेट उचललं. बॅटरीच्या मागे, पंख्याच्या पात्यांपासून वीतभर अंतरावर, चौथं पिल्लू अंग चोरून बसलं होतं. आतलं बीळ बंद व्हायच्या आधीच ते फळ्यांखालून वर आलं असणार आणि तिथेच अडकलं असणार.

"अगं, केवढंसं आहे हे," सुमंत म्हणाला, आणि नेमकं तेव्हाच त्या केवढ्याशाने उडी मारली. ती थेट सुमंतच्या छातीवर. सुमंत किंचाळला, पिल्लू किंचाळलं, सावनी दोघांपेक्षाही जोरात किंचाळली. पिल्लू खाली पडलं, शेळ्यांच्या कुंपणातून आरपार गेलं, शेळ्या बें बें करत उधळल्या, आणि ते माळ्याच्या शिडीवर सरसर चढू लागलं.

"वर नको! वर नको!" वॉल्ट दारातून ओरडत होता आणि हसतही होता.

रेखाने खाद्याचा रिकामा टब उचलला. चौथ्या पायरीवर पिल्लू क्षणभर थांबलं, दात कटकटवत तिच्याकडे वळलं. तिने खालून टब धरला आणि हातमोजा चढवलेल्या हाताने त्याला पाठीवरून हलकेच सारलं. धप्प! सावनीने वरून जाळीचा तुकडा टाकला.

"धरलं!" रेखा ओरडली. एकसष्टाव्या वर्षी ती टब छातीशी धरून कुंपणापर्यंत पळत गेली. वाऱ्याने केस डोळ्यांवर येत होते. तिने टब आडवा केला. पिल्लू दोन ढांगा टाकून थबकलं. पलीकडच्या गवतातून शिट्टी आली, आणि ते त्या दिशेने सुसाट गेलं.

"चार!" तिने दोन्ही हात वर करून बार्नकडे ओरडून सांगितलं. "चार झाली! भरा खडी!"

मग कुणी कुणाला काही सांगायची गरज उरली नाही. फावडी चालली, सुमंतने खडी ठोकून ठोकून बसवली, वॉल्टने जॅक हळूहळू सैल केले. खांब दगडावर टेकला आणि जागचा हलला नाही. वॉल्टने त्याला खांद्याने रेटा देऊन पाहिलं आणि मान डोलावली. ट्रेलर आत आला आणि मागे पाऊस दारावर आदळला. वॉल्ट खालून गठ्ठे फेकत होता, सुमंत शिडीवरून पुढे देत होता, माळ्यावर रेखा आणि सावनी ते रचत होत्या. गवताने हात ओरबाडले गेले, नाकातोंडात भुसा गेला, आणि दोघी कशावरून तरी सारख्या हसत होत्या.

रविवारी त्यांनी ओल्या मातीत बार्नभोवती फूटभर खोल चर खणला आणि बाहेरच्या बाजूला दुमडलेली जाळी पुरली. तीन दिवसांनी मादी परत आली. कोपऱ्यात उकरलं, नखं जाळीला लागली. दोन हात पलीकडे उकरलं, तिथेही जाळी. मग ती दोन पायांवर उभी राहिली आणि बराच वेळ खिडकीकडे बघत राहिली.

"सुमंत, लवकर ये!" रेखा आतून ओरडली. "ती चाललीये! अरे, खरंच चाललीये!"

सुमंत साबणाच्या हातांनी धावत आला, तोवर ती डुलतडुलत कुंपणाकडे अर्ध्या वाटेवर पोचली होती.