उजव्या हाताची साखर

महादू गेला त्याला सर्वपित्रीला वर्ष झालं, तरी काल्हेरातली माणसं अजून म्हणत होती, बापाला पान वाढायला गेला नि बापानंच त्याला नेला. लोकांचं काय, उचलली जीभ लावली टाळ्याला. पण महादूची बायको कमळ मात्र ते खरंच धरून बसली होती, आणि आज पुन्हा सर्वपित्री आल्यावर तिला सकाळपासून वाटत होतं, की आता आपली पाळी.

त्या घरची रीत अशी, की पित्रांचं पान उजव्या हातानंच वाढायचं, डाव-चमचा लावायचा नाही, आणि घरातली माणसं जेवून उठेपर्यंत तो हात धुवायचा नाही. पुसायचा फक्त. कमळनं गुळाची खीर, वडे, भाजी हातानं वाढली, पान गच्चीवर ठेवलं, हात पदराला पुसला आणि खाली येऊन बसली. बसल्या बसल्या तिला दरदरून घाम फुटला, हातपाय लटपटायला लागले.

तेवढ्यात फोन किंचाळला. कमळच्या दंडावर साखर मोजायची चकती चिकटवलेली होती आणि तिचा आकडा महादूच्या जुन्या फोनवर यायचा. त्यातलं नाव बदलायचा तिच्या मुलानं, भावेशनं, आळस केला होता. त्यामुळे पडद्यावर आलं: महादू, साखर कमी, ६४.

"तुझा बाप बोलावतोय मला," कमळ म्हणाली.

"काय पन बोलतेस, आये." भावेश बोट टोचायचं मशीन घेऊन आला. चकतीवर त्याचा भरवसा नव्हता. महिनाभर त्यानं दोन्हींचे आकडे ताडून पाहिले होते. चकती कधी मागे राहायची, कधी दंडावर दाबून झोपलं की उगाच कमी दाखवायची. डॉक्टरही म्हणाले होते, शंका आली तर बोटाचं रक्त खरं धरा. त्यापुढेही ते काहीतरी म्हणाले होते, पण अर्धं ऐकून उठायची खोड ह्या घराला पिढीजात.

त्यानं आईच्या उजव्या हाताचं बोट टोचलं. ३९८.

"बघ. चकती गेली खड्ड्यात." त्यानं इन्सुलिनचं पेन उचललं.

"एवढा फरक कसा?" त्याची बायको वैशाली म्हणाली. "परत टोचून बघा ना."

"बाबांची पन अशीच चारशेला गेलेली. मी इंजेक्शन द्यायला उशीर केला, म्हणून गेले ते." वर्षभर तो हे मनात घेऊन फिरत होता.

कमळ घाबरली होती. इंजेक्शन टळेल तेवढं टळू दे म्हणून तिनं डावा हात पुढे केला. "एकदा टोच. पन ह्या हाताचं."

६६.

एकाच अंगात दोन साखरा कशा असतील? कमळ आपल्या उजव्या हाताकडे बघत राहिली. ज्या हातानं मेलेल्यांना जेवू घातलं तो आता आपला राहिलाच नाही, असं तिला वाटलं, आणि तिनं तो अंगापासून लांब धरला.

वैशालीनं तो हात आपल्या हातात घेतला. बोटं चिकट होती. "आई, हा हात गुळाचा हाय," ती म्हणाली. रीत गेली चुलीत म्हणत तिनं सासूला मोरीत नेलं, हात साबणानं धुतला, कोरडा केला आणि स्वतः टोचलं. ६३.

भावेशनं पेन खाली ठेवलं; साखर एवढी कमी असताना ते टोचलं असतं तर आई हाती लागली नसती. वैशालीनं साखरेचं पाणी पाजलं. हळूहळू कमळची थरथर थांबली, बोटाचा आकडा शंभरावर गेला. मागून चालणारी चकती मात्र अजून ओरडतच होती: महादू, साखर कमी, ५९.

भावेश त्या नावाकडे बघत होता. "आये," तो म्हणाला, "त्या दिवशी बाबांनी पान वाढलेलं ना? मी त्यांच्या कुठल्या हाताचं बोट टोचलं?"

कमळला सगळं लख्ख आठवलं. उपरण्याला पुसलेला महादूचा उजवा हात तिनंच पुढे धरला होता. महादूला कोणी न्यायला आलं नव्हतं. वर्षभर ज्या पित्रांना ती भ्यायली, त्यांनीच त्याला नेलं असतं तर किती बरं झालं असतं, असं तिला वाटलं.

"डाव्या हाताचं," ती म्हणाली. "मीच धरला होता तो हात. तुजी काय चूक न्हाय."

फोन वाजत राहिला, आणि तो बंद करायला कोणी उठेना.