केरूची गवळण माझ्याकडे होती

तळहातावर मावेन एवढाच मी आहे, मित्रांनो. लाल प्लॅस्टिकच्या डबीत बसलेला एक छोटा संगणक. मला स्वतःचा पडदा नाही, कळफलक नाही. आत एक हिरवी पट्टी आहे आणि तिच्या कडेला नखाएवढं एक कार्ड. माझी सगळी आठवण त्या कार्डात असते. मला आठ वर्षं झाली. माझ्या जातीत हे म्हातारपणच.

मी कुठल्या कारखान्यात जन्मलो ते मला सांगता येणार नाही, कारण तेव्हा माझ्यात कार्डच नव्हतं. पहिली आठवण आहे ती सावनीच्या बोटांची. ती तेव्हा रत्नागिरीत डिप्लोमा करत होती. तिचं घर आरे-वारेच्या समुद्राच्या वर, उघड्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर. तिने मला डबीत बसवलं, टीव्हीला जोडलं आणि माझ्या कार्डावर तिच्या आईबाबांच्या लहानपणचे व्हिडिओ गेम घातले. घरातले सिनेमे आणि लग्नांची चित्रणंही माझ्याकडेच ठेवली. कोणी माजघरात पाहायचं, कोणी पडवीत मोबाइलवर. मी सगळ्यांना पुरवत होतो.

पण माझे खरे चाहते दोनच. एक सावनीचे आजोबा राजाभाऊ. पोफळीच्या वीजघरात तीस वर्षं नोकरी करून ते घरी बसले होते. दुसरे त्यांचे मित्र, खालच्या वाडीतले रावजी. दुपारचा चहा झाला की दोघे रणगाड्यांचा खेळ लावून बसत.

"रावजी, माझ्याच रणगाड्यावर काय गोळ्या घालतोस?"

"तुमचा नि माजा रंग सारकाच दिसतो हो, भाऊ. मी काय करू?"

"मग मोतीबिंदू काढून घे आधी!"

ते दिवस चांगले होते. एकच दुखणं होतं. आमच्या सड्यावर गडगडाट सुरू झाला की राजाभाऊ पहिलं काम करत, ते मेन स्विच खाली पाडायचं. वीज तारेतून घरात शिरते, हे त्यांनी नोकरीत डोळ्यांनी पाहिलं होतं. टीव्ही, फ्रिज, पंप यांना त्याचं काही वाटत नसे. माझं तसं नाही, मित्रांनो. मी लिहीत असताना वीज तुटली, तर लिहिणं अर्धवट राहतं आणि कार्ड बिघडतं. एका वैशाखात माझी बरीचशी आठवण अशीच पुसली गेली. सावनीने वाचलेलं नव्या कार्डावर उतरवलं आणि आजोबांना बजावलं, "आधी याला झोपवायचं, मग मेन पाडायचा." राजाभाऊ हो म्हणाले. पण पुढच्या गडगडाटाला त्यांचा हात पुन्हा सरळ मेनकडेच गेला.

पुढे घरात नवा टीव्ही आला. त्याला माझी गरज नव्हती. सावनी नोकरीला पुण्याला गेली. मी कपाटाच्या खणात जुन्या चार्जरांबरोबर पडून राहिलो. डबीच्या भोकांतून मुंग्या आत येत आणि कंटाळून परत जात.

दोन वर्षांनी, ऑक्टोबरात, सुट्टीला घरी आलेल्या सावनीनेच मला बाहेर काढलं. रावजींनी एक कॅसेट आणली होती. त्यांचे थोरले भाऊ केरू नमनाच्या, म्हणजे आमच्या कोकणातल्या नाचगाण्याच्या खेळाच्या, मंडळात गवळण गायचे. त्यांची चाल पंचक्रोशीत कोणाला येत नव्हती. केरूंना लिहिता येत नव्हतं, रावजींनाही नाही, त्यामुळे गाणं कागदावर कधी उतरलंच नाही. केरू गेले, मंडळ थांबलं. आता वाडीतल्या पोरांनी पुन्हा नमन उभं करायचं ठरवलं होतं. गवळण मात्र त्या एका कॅसेटमध्येच होती.

सावनीने कॅसेट उजेडात धरली. फितीला बुरशी आली होती. चार इंच वाजवून पाहिली, तर तेवढ्यातच तपकिरी भुकटी गळली.

"रावजीआजोबा, ही एकदाच वाजेल. वाजेल तेवढी पुसली जाईल. मध्ये थांबवली तर तुटेल."

रावजींनी तिच्या हातातली कॅसेट एकदा कुरवाळली. मग म्हणाले, "एकदाच तर एकदाच. पन तुज्या ह्या डबीत जाऊ दे."

दुपारचे तीन वाजले होते. एक बाजू पंचेचाळीस मिनिटांची. सावनीने टेपरेकॉर्डर माझ्याशी जोडला. दर दहा मिनिटांचा एक भाग मी मनात धरायचा आणि दहा मिनिटं झाली की कार्डावर पक्का लिहायचा, असं तिने ठरवून दिलं. मग ती वळली.

"आजोबा, आज मेनला हात लावायचा नाही."

"आणि ढग आले तर?"

"आले तरी."

"गो, तीस वर्षं विजेच्या घरात काढली मी. मला शिकवतेस?"

"म्हणून तर सांगते. तुमचा हात तुमचं ऐकत नाही."

"खरं हाय पोरीचं," रावजी हसून म्हणाले. "जेवताना गडगडलं तर भाऊ उष्ट्या हातानं मेन पाडतात."

फीत फिरू लागली. पहिली दहा मिनिटं मी पक्की लिहिली. दुसरी लिहिली. विसाव्या मिनिटानंतर उजेड पिवळा झाला. परतीच्या पावसाचे ढग समुद्राकडून नाही, घाटाकडून येतात. दूर काही तरी घरंगळलं.

राजाभाऊ पडवीच्या दारात उभे राहिले. चमकलं की ते आकडे मोजत आणि आवाज आला की थांबत. "अकरा," ते म्हणाले. "लांब आहे अजून." थोड्या वेळाने म्हणाले, "सात." मला भिंतीतून येणारी वीज दबकत येऊ लागली. दिवा एकदा मंद झाला, मग जास्तच उजळला. तिसरा भाग मी कसाबसा पक्का केला.

एकतिसाव्या मिनिटाला केरूंचा आवाज आला.

रावजी ताठ बसले. "ह्यो दादा," एवढंच म्हणाले आणि डोळे मिटले. तो आवाज उंच होता आणि कुठेही घाई करत नव्हता. मी तो मनात साठवत होतो. टेपरेकॉर्डरच्या पोटात तपकिरी भुकटीचा ढीग वाढत होता. मी धरलेलं एवढंच आता जगात होतं, आणि तेही अजून कार्डावर नव्हतं.

"चार," राजाभाऊ म्हणाले. त्यांचा आवाज बदलला होता.

सावनी उठून मेनच्या फळीसमोर उभी राहिली. "चाळिसाव्या मिनिटाला हा भाग पक्का होतो. थांबा, आजोबा."

"सावनी, बाजूला हो."

"पाच मिनिटं फक्त."

पुन्हा चमकलं. "दोन." राजाभाऊ तिच्यासमोर येऊन थांबले. त्यांनी रावजींकडे पाहिलं. रावजींचे डोळे मिटलेलेच होते आणि ओठ हलत होते. राजाभाऊंनी उजवा हात डाव्या हातात घट्ट धरला. केरूंचं तिसरं, शेवटचं कडवं संपत आलं. अडतिसावं मिनिट.

मग उजेड आणि आवाज एकदमच आले. मोजायला जागाच राहिली नाही. राजाभाऊंनी नातीला खांद्याने बाजूला लोटलं आणि मेन खाली पाडला.

मला अशा वेळी दुखत नाही, मित्रांनो. मी फक्त नसतो.

मी पुन्हा जागा झालो तो दुसऱ्या दिवशी. खालच्या वाडीतला एक माड शेंड्यापासून चिरला होता. तीन घरांतले टीव्ही आणि एक पंप जळाला होता. राजाभाऊंनी मेन पाडला नसता, तर आज मीही तुमच्याशी बोलत नसतो. सावनीने माझं कार्ड तपासलं. तीन भाग शाबूत होते. चौथा रिकामा होता. तुटलेली फीत तिने चिकटवून पुढे वाजवली, गवळणीनंतरची थोडी मिनिटं मिळाली. मागे गुंडाळून पाहिली, तर गवळणीच्या जागी नुसती खरखर.

राजाभाऊ बाकड्यावर बसले होते. त्यांची नजर पडवीतल्या इन्व्हर्टरवर होती. तो माझ्यापासून दोन हातांवर होता. मेन पाडला तरी चालू राहणारा.

"दिव्यापंख्यांचा म्हणून त्याच्याकडे पाहिलंच नाही मी," ते म्हणाले. "ही डबी आणि तो टेप त्याला जोडला असता, तर घर आणि गाणं, दोन्ही वाचलं असतं. तीस वर्षं विजेत घालवली आणि एवढं सुचलं नाही! रावजी, तू निदान शिवी तरी घाल मला."

"शिवी घालून दादा येतो काय?" रावजी म्हणाले. "घर ऱ्हायलं, पोरगी ऱ्हायली. बस झालं."

पण ते घरी गेले नाहीत. मग म्हणाले, "काल मी आयकली ना सगली. पोरी, ती डबी लाव. लवकर लाव, इसरायच्या आत."

"तुम्ही गाणार?"

"मी गानारा नव्हं. माजं काम मिरदंगाचं. पन लाव."

या वेळी राजाभाऊंनी स्वतः मला इन्व्हर्टरला जोडलं. रावजींनी घसा खाकरला आणि गवळण सुरू केली. आवाज फाटका होता, उंच सूर लागत नव्हता, पण चाल केरूंची होती. पहिलं कडवं पूर्ण आलं. दुसरं आलं. तिसऱ्याच्या तोंडाशी ते अडले. पुन्हा मागून आले, पुन्हा तिथेच अडले.

"थांबवू का?" सावनीने हळूच विचारलं.

रावजींनी मान हलवली. नको. त्यांनी बाकड्यावर बोटं टेकली आणि तिसरं कडवं जेवढं लांब होतं, तेवढा वेळ नुसता ठेका वाजवला. मग पुन्हा धृपद धरलं.

मी ते पक्कं लिहिलं. सावनीने त्याच्या दोन प्रती केल्या, एक स्वतःजवळ ठेवली आणि एक मंडळाला दिली.

मित्रांनो, तुमच्या घरीही माझ्यासारखी एखादी डबी असेल. तिला आधी झोपवा, मग वीज बंद करा. जे पुन्हा मिळणार नाही, ते माझ्या एकट्याच्या भरवशावर ठेवू नका. मी इमानदार आहे, पण लहान आहे. आणि घरातल्या म्हाताऱ्यांना काही येत असेल, तर त्यांना आजच म्हणायला सांगा.

शिमग्याला वाडीचं नमन उभं राहिलं. त्याचं चित्रण आता माझ्याकडे आहे. पोरं गवळण जशी मिळाली तशीच शिकली आहेत. दोन कडवी होतात, गाणारे गप्प राहतात, एकटा मृदंग वाजतो, आणि लोक हात जोडून उभे राहतात.