जेवढे ठोके, तेवढी ताटं

मी लोखंड बोलतोय. आगगाडीच्या रुळाचा हातभर तुकडा. बोलतोय म्हणजे काय, कुणी ठोकलं तरच आवाज. नाहीतर लटकलोय गपगुमान.

भट्टीतून निघालो, गाड्या अंगावर घेतल्या, मग कापून भंगारात टाकला मला. तिथून एका नावाड्यानं उचलला आणि साखळीनं नदीकाठच्या झाडाला टांगला. समोर बेट. बेटावर त्याची बायको खानावळ चालवायची. भात, नदीची मासळी, वर शहाळं. बघायला जुना दिव्याचा मनोरा, वटवाघळांची झाडं, पांढरी वाळू.

नियम सोपा होता. जेवणारी माणसं जेवढी, तेवढे ठोके. ठोके ऐकून नाव यायची आणि तिकडं चुलीतनं धूर निघायचा. तो धूर दिसला की मला बरं वाटायचं. ती चूल मी कधी जवळून बघितली नाही. इतक्यांना जेवायला घातलं मी, पण मला कुणी पलीकडं नेलं नाही.

नावाडी तापानं गेला. नाव धाकट्या भावाकडे आली. हा एकटा, बिनलग्नाचा, आणि डोकं म्हणजे तापलेला तवा. परतणाऱ्या गिऱ्हाइकांच्या तोंडून ऐकलं, एकदा हा त्यांच्यासमोर बोलून गेला, वहिनी, कालवण खारट झालंय. तिनं ताट पुढ्यातनं उचललं. म्हणाली, "बायको आण, तिच्या हातचं खा." हा उठला तो उठलाच. तेव्हापासून नावेत बसून स्वतः शिजवलेला गिचका भात खायचा.

आणि गंमत बघा, गिऱ्हाइकाला मात्र सांगायचा, वहिनीकडं जेवल्याशिवाय परत फिरू नका, असं कालवण कुठं मिळायचं नाही. मला हसू यायचं. रागही यायचा. अरे गाढवा, मग तू का उपाशी?

एकदा फोटो काढायला म्हणून एका पोरग्यानं मला धडाधड बडवला. तिकडं हे मोठं पातेलं चढलं. नाव आली तेव्हा जेवणारे दोघंच. नावाडी म्हणाला, "तुझ्या बापाचं लगीन आहे का रे?" उरलेलं तिनं नावेत पाठवलं, त्यानं झाकणसुद्धा न उघडता परत केलं.

मग शहराकडून मोठी लाँच थेट बेटाच्या वरच्या टोकाला लागायला लागली. तिथं रंगीत छत्र्यांचं हॉटेल झालं. माझ्याकडं कुणी फिरकेना. धूर आठवड्यात एखाद्या वेळी दिसायचा.

शेवटी तिची लेक आली. नावेत चढताना म्हणाली, "काका, आईला उद्या घेऊन जाते. आता तिथं कुणासाठी शिजवायचं तिनं?"

तो म्हणाला, "ने की. मला काय सांगतेस?"

तिला पलीकडं सोडलं. आणि भर दुपारी रिकामी नाव घेऊन हा परत माझ्याकडे आला. मला वाटलं, माझ्यावर राग काढणार. तोंडानं मागायला जीभ उचलत नव्हती ना त्याची. मग दगड घेतला आणि एक ठोका दिला. एकच.

पलीकडं शांत. मग हळूहळू धूर वर आला.

त्यानं पंच्यानं तोंड पुसलं आणि असा जोरात वल्हवत गेला की पाणी उडालं. तिनं काय वाढलं, हा काय बोलला, मला माहीत नाही. मी या काठाचा.

दुसऱ्या दिवशी मायलेकी इथंच उतरल्या. तिनं माझ्यावर हात ठेवला. म्हणाली, "किती राबवलंस रे मला." मेलो मी तिथल्या तिथं.

आता अंगावर गंज आहे, साखळी फांदीत रुतलीय. तुम्ही आलात तर बसा सावलीला, गप्पा मारा, मला सोबत होईल. पण उगाच ठोकू नका. माझा आवाज अजून तिकडं पोचतो. आणि तो नावाडी, आता म्हातारा, अजून तिकडच्या वाळूवरनं उठतो आणि आधी चुलीकडं बघतो.