धाकट्यांना आरसा हवा

धाकट्यांच्या हाताखालून चाळीस वर्षांत हजारो डोकी गेली होती. पण आपल्या डोक्यात काय चाललंय ते दुसऱ्याला दाखवायची वेळ आजच आली होती. थोरला भाऊ गेल्यापासून, म्हणजे दोन महिने, वस्तरा धरला की त्यांचा हात थरथरायचा. डॉक्टर म्हणाले, "हात ठणठणीत आहे. समुपदेशकाकडे जा." बायको म्हणाली, "सगळ्या जगाची कुलंगडी पोटात घालून बसलात. एखादं स्वतःचं बाहेर काढा, नाहीतर दुकानाला कुलूप लावा!"

समुपदेशक बाई त्यांच्या मुलीच्या वयाच्या होत्या.

"घाबरू नका काका. आज नुसती ओळख. वाटेल तेवढंच सांगा, इथलं बोलणं इथेच राहील. काय त्रास होतोय?"

धाकट्यांनी तोंड उघडलं आणि सवयीने भलतंच बाहेर पडलं. "तुमचं काय म्हणताय?"

"माझं? अहो, घरमालकाने भिंतीला असला जांभळा रंग दिलाय की..." बाई सुटल्या. जांभळ्या भिंतीवरून त्या नणंदेपर्यंत पोचल्या आणि एकदम थबकल्या. "अहो काका! प्रश्न मी विचारायचेत!"

"माफ करा. माझ्यापुढे सगळ्यांचं असंच होतं." धाकटे कानापर्यंत लाल झाले. "आणि मला समोरासमोर बोलता येत नाही हो. जन्म गेला आरशात बघून बोलण्यात."

बाईंनी खोलीभर नजर फिरवली. आरसा नव्हता, पण पुस्तकांच्या कपाटाला काच होती. पुढच्याच क्षणी दोघं मिळून खुर्ची ओढत होती. बाई काचेसमोर बसल्या, धाकटे मागे उभे राहिले.

"मान सरळ," ते म्हणाले, आणि जीभ चावली. बाईंनी निमूट मान सरळ केली.

मग काचेतल्या बाईंना काचेतले धाकटे सांगू लागले.

"दुकानात दादाची खुर्ची दाराशी. मी गप्पांत रमलो की तो आरशातून डोळे वटारायचा. आता वस्तरा उचलला की नजर तिकडेच जाते. तिथे कुणीच वटारत नाही... लोक अजून मला धाकटे म्हणतात. कुणाचा धाकटा मी?"

 बाई काचेतून त्यांच्याकडे बघत राहिल्या.

"एकदा त्याने नवरदेवाची अर्धी मिशी उडवली," धाकट्यांना अचानक हसू फुटलं. "तोच ओरडला मग! 'हललास कशाला? आता करवल्याही अशीच मिशी मागतील!' आणि नवरदेव म्हणतो, 'दादा, करवल्यांना मिशा नसतात!'"

बाई इतक्या हसल्या की त्यांचं पेन कपाटाखाली गेलं. धाकटे हसता हसता डोळे पुसत होते, नि पुसता पुसता पुन्हा हसत होते.

"काका, वेळ संपली," शेवटी बाई म्हणाल्या.

धाकट्यांनी टेबलावरची वही उचलली आणि आरसा धरावा तशी बाईंच्या डोक्यामागे धरली. "मागून ठीक?"

बाईंनी गंभीरपणे मान डावीकडे वळवली, उजवीकडे वळवली. "कानामागे थोडं राहिलंय. पुढच्या मंगळवारी काढू."

धाकट्यांच्या हातातली वही थरथरत होती. पण दोघंही हसत होती, त्यामुळे ती कशाने थरथरतेय ते कळायला मार्ग नव्हता.