माझा मोठा व्हॉल्व्ह आणि यशोदाबाईंचे हात

मित्रांनो, मी एक जुनं बिडाचं हेड आहे, पाच हॉर्सपॉवरच्या डिझेल इंजिनाच्या माथ्यावर बसणारं. मला पाहून नाक मुरडू नका. मी नसेन तर खालचा पिस्टन नुसत्या उड्या मारील, विहिरीतून थेंबभर पाणी काढणार नाही.

माझ्यात दोन व्हॉल्व्ह. एक हवा आत घेतो, दुसरा धूर बाहेर सोडतो. दोन्ही घट्ट बसले तर इंजिनाला जोर, नाहीतर नुसता खोकला. भडगावजवळच्या मळ्यात मी बारा वर्षं केळीला पाणी पाजलं. घड गाड्या भरभरून गेले. कौतुक झालं ते जमिनीचं आणि मळ्याचा मालक मगन याच्या नशिबाचं.

सत्त्याऐंशीच्या मे महिन्यात धुराचा व्हॉल्व्ह टेकतो ती माझी बैठक जळाली. व्हॉल्व्ह आत रुतला. हँडल मारून मारून मगनचे खांदे भरून आले, पण इंजिन सुरू होईना. केळी नुकती निसवलेली, कोवळे घड बाहेर पडलेले. तीन दिवस पाणी नाही. आणखी दोन दिवस गेले असते तर घड हातचे गेलेच होते. वीज मळ्यापर्यंत आलेली नव्हती आणि मिस्त्री भाच्याच्या लग्नाला धुळ्याला गेलेला.

मगननं चाळीसगावहून मोठ्या तोंडाचा व्हॉल्व्ह आणला, मिस्त्रीच्या घरून बैठक कापायचं सीट कटर मागून घेतलं आणि मला घरच्या ओट्यावर उताणं टाकलं. कटर हातानं फिरवत त्यानं बैठक रुंद केली, चांगला धातू लागेपर्यंत. इथवर गडी शहाणा. पण खरखरीत पेस्ट लावून व्हॉल्व्ह बैठकीवर घासायला घेतला तो एकाच बाजूनं, गरागरा. माझ्यावर चरे पडले. गळतं का ते बघायला रॉकेल ओतलं तर खालून झिरपलं. पुन्हा घासलं, पुन्हा झिरपलं. शेजारचा रुपचंद तिथंच बसून सांगत होता, की व्हॉल्व्ह मोठा करण्याआधी अक्कल मोठी करावी.

मगनची आई यशोदाबाई दाराशी ताक घुसळत होत्या. रवी सोडून उठल्या.

"मगन, हाई काय जातं शे का? गरगर फिरावस तू."

"माय, ताक न् इंजिन एक शे का?"

"हात ते एकच शेतस ना. सरक."

त्यांनी व्हॉल्व्हला लावलेली घासायची काठी रवीसारखी दोन तळव्यांत धरली. अर्धा फेरा इकडे, अर्धा तिकडे, जरा उचलायचं, जागा बदलायची, पुन्हा तसंच. घाई नाही, जोर नाही. तासाभरानं माझ्या बैठकीवर सलग, करडी बांगडी उमटली. रॉकेल ओतलं. सगळे वाकून बघत राहिले. खाली कोरडं. रुपचंदला घरचं काम आठवलं.

मला मळ्यात नेऊन इंजिनावर बसवलं. मोठा व्हॉल्व्ह पिस्टनला लागत नाही ना, हे मगननं हँडल हळू फिरवून पाहिलं. मग जोरात मारलं. तिसऱ्या फेऱ्याला इंजिन धडधडलं. दिवस मावळायच्या आत पाणी शेवटच्या सरीला लागलं. यशोदाबाई बांधावर पाय पाण्यात सोडून बसल्या.

मित्रांनो, तुमच्या घरचं यंत्र धापा टाकायला लागलं तर त्याला लाथ घालू नका. उघडून बघा. आणि जाणत्या माणसाला विचारा, मग ती चुलीपुढे बसलेली बाई का असेना.

आता मळ्यावर वीज आली, मोटार आली. मला शेडमध्ये झाकून ठेवलंय, पण तेलाचा हात चुकत नाही. वीज गेली की मोटार गप्प. मग मगन माझ्याकडेच येतो. मी काही टोमणा मारत नाही.